एसडब्ल्यूआर १.२ दाखवतोय, मग आवाज का पोचत नाही?

अहमदपूर तालुक्यातल्या एका हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाल्या सरांचा प्रश्न थोडक्यात असा. (एसडब्ल्यूआर म्हणजे अँटेनाकडे पाठवलेल्या शक्तीपैकी किती परत येते याचं माप; १ म्हणजे काहीच परत नाही, आकडा मोठा तेवढं परत येणं जास्त.) जनरल ग्रेडचा परवाना दोन वर्षांपूर्वी मिळाला. १०० वॅटचा जुना एचएफ सेट घेतला, गच्चीवर ९ मीटरचा पाइप उभा करून ४० मीटर बँडचा, म्हणजे ७ मेगाहर्ट्झचा, इन्व्हर्टेड व्ही डायपोल (मध्य उंच आणि दोन्ही बाजू खाली उतरत्या अशी तारेची अँटेना) टाकला, तिथून खोलीपर्यंत साधारण ४० मीटर लांब आरजी-५८ केबल (आत तार, भोवती जाळी) आणली. पहिल्या वर्षी हैदराबाद, पुणे, बेंगळुरू सहज व्हायचं. यंदा पावसाळ्यानंतर उत्तरं येणं कमी झालं, आणि जे देतात ते ‘सिग्नल कमजोर, आवाज फाटतोय’ म्हणतात. जोरात बोललं की सेट बंद पडून आपोआप चालू होतो. सकाळी सगळे छान ऐकू येतात, पण दिवसा खरखर एवढी वाढते की एस-मीटर (सिग्नलचा जोर दाखवणारा) ९ वर जाऊन बसतो. रात्री उशिरा जवळची स्टेशनं गायब होतात. सर पुढे लिहितात, ‘एसडब्ल्यूआर मात्र एकदम चांगला आहे. ७ ते ७.२ मेगाहर्ट्झ सगळीकडे १.२, आणि १४ मेगाहर्ट्झवरसुद्धा १.३. म्हणजे अँटेना ठीक आहे, दोष सेटमध्येच असणार. सेट बदलू की लिनिअर अ‍ॅम्प्लिफायर घेऊ?’

सर, सेटही बदलू नका आणि अ‍ॅम्प्लिफायरही घेऊ नका. परभणीत ३० वर्षं रेडिओ-टीव्ही दुरुस्ती केली, त्यातली २२ वर्षं हॅमचा परवाना हाती आहे. ‘सेट गेला’ म्हणून माझ्या टेबलावर आलेल्या सेटांपैकी बहुतेक सेट चांगले निघाले. दोष वायरीत, जोडात किंवा गच्चीवर होता. तुमच्या पत्रात एक नाही, चार वेगवेगळ्या तक्रारी आहेत आणि त्यातली एक तर बिघाड नाहीच. चारही एकत्र बघितल्या की माणूस गोंधळतो आणि दुकानाची वाट धरतो. एकेक घेऊ.

जी गोष्ट तुम्ही जमेची म्हणून लिहिली आहे, मला तीच खटकली. ७.१ मेगाहर्ट्झसाठी कापलेला डायपोल १४ वर दुप्पट लांबीचा पडतो. मध्यभागी त्याचा इंपीडन्स (विजेला होणारा एकूण विरोध) काही हजार ओहमांवर जातो, आणि ५० ओहमच्या केबलला ते अजिबात झेपत नाही. तिथे मीटरचा काटा पार टोकाला जायला हवा. तो १.३ वर थांबतो याचा अर्थ सेटमधून निघालेली शक्ती वरून परत आलीच नाही. अँटेनातून बाहेर पडली म्हणून नव्हे. वाटेत केबलमध्येच मुरली म्हणून. दुसरी खूण ७ मेगाहर्ट्झवरची. धडधाकट डायपोलचा एसडब्ल्यूआर बँडच्या मध्यावर १.२ असला तर कडेला १.५ च्या आसपास तरी चढतोच. तुमचा मात्र २०० किलोहर्ट्झमध्ये जरासुद्धा हलत नाही.

मीटर बिघडलेला नाही, हे समजून घ्या. तो खोलीत, सेटच्या तोंडाशी बसलाय. पुढे किती गेलं आणि परत किती आलं एवढंच त्याला दिसतं. केबल खराब असेल तर शक्ती वर जाताना एकदा झिजते, अँटेनापाशी जे नाकारलं जातं ते खाली येताना पुन्हा झिजतं. मीटरपर्यंत परतणारं इतकं थोडं उरतं की काटा खालीच राहतो. केबलमध्ये ९ डीबी घट असेल (दर ३ डीबीला शक्ती निम्मी होते), तर वर अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ३ असला तरी खाली १.१ ते १.२ दिसेल. तुम्हाला ते बघून समाधान वाटतंय, आणि वर पोचतोय जेमतेम आठवा हिस्सा.

मग सकाळी ऐकायला सगळं छान कसं येतं? कारण ७ मेगाहर्ट्झवर आकाशातली नैसर्गिक खरखर मुळातच सिग्नलसोबत येत असते. केबलने दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी केलं तर त्यांच्यातलं अंतर तेवढंच राहतं, सेट आपला आवाज भरून काढतो आणि कानाला फरक कळत नाही. आपण बोलतो तेव्हा मात्र गेलेला प्रत्येक डीबी समोरच्याच्या कानातून वजा होतो. ‘मला सगळे ऐकू येतात, मी कुणालाच नाही’ ही तक्रार आली की मी पहिला हात केबलला घालतो.

आता परीक्षा. गच्चीवर जा, डायपोलपासून केबल सोडवा, वरचं टोक उघडं ठेवा. आतली तार आणि जाळी एकमेकींना लागायला नको. खाली येऊन ७.१ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर बघा. वर काहीच जोडलेलं नाही, म्हणजे सगळी शक्ती परत यायला हवी. चांगल्या ४० मीटर आरजी-५८ ची स्वतःची घट इथे दीड डीबीच्या आसपास असते, म्हणून आकडा ६ च्या जवळ दिसेल. २ दिसला तर केबल ५ डीबीच्या आसपास खातेय, वर तिसरा हिस्सा पोचतोय. १.३ दिसला तर ९ डीबी गेले. वर काहीही न जोडता एसडब्ल्यूआर १.३ येतोय, हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुढे समजावून सांगावं लागत नाही. नॅनोव्हीएनए (अँटेना आणि केबल मोजायचं छोटं उपकरण) कुणाकडून मिळाला तर उत्तम. ओपन, शॉर्ट आणि लोड लावून आधी त्याचं कॅलिब्रेशन करा, आणि तो जोडलेला असताना त्या केबलवर चुकूनही ट्रान्समिट करू नका. सेटनेच बघायचं असेल तर ५ वॅटवर, सीडब्ल्यू म्हणजे मोर्सच्या मोडमध्ये, दोन सेकंद की दाबून लगेच सोडा.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. एका पावसाळ्यात माझी हीच गत झाली होती. सेट दोनदा उघडला, फायनल ट्रान्झिस्टर तपासले, बायस लावून पाहिला, सगळं जागेवर. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सेटच्या मागचा पीएल-२५९ कनेक्टर फिरवून काढला तर त्यातून तपकिरी पाण्याचे तीन-चार थेंब लॉगबुकवर पडले आणि त्या दिवसाची शाई पसरली. पाणी शिरलं होतं वर डायपोलच्या मध्यावर, जिथे मी केबलची जाळी आणि तार वेगळी करून नुसती काळी टेप गुंडाळली होती. आणि बाहेर पडत होतं खाली खोलीत. जाळी दिव्याच्या वातीसारखी काम करते. पाणी तिच्यातून मीटर-मीटर पुढे सरकतं. मी ब्लेडने वरचं आवरण चिरलं. तांब्याचा चकचकीत रंग जाऊन जाळी काळपट झाली होती, जागोजागी हिरवा बुरा होता, आणि बोटांत धरून वाकवली की तिचे तुकडे होत होते. मला वाटलं होतं दोन मीटर कापलं की चांगला भाग लागेल. अकरा मीटर कापूनही काळाच रंग निघाला, तेव्हा सगळी केबल फेकली.

तुम्हीही तसंच करा. टोकापासून अर्धा मीटर कापा आणि जाळीचा रंग बघा. काळी असेल तर वाळवून, पुसून काही उपयोग नाही.

नवी केबल घेताना आरजी-२१३ परवडली तर तीच घ्या. ७ मेगाहर्ट्झवर तिची घट आरजी-५८ च्या जवळपास निम्मी आहे. हैदराबादला कोठीतल्या गुजराती गल्लीत, पुण्याला तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडवर मिळते. घेण्याआधी दुकानदाराला टोक सोलून दाखवायला सांगा. जाळी इतकी विरळ असते काही केबलींची की आतलं पांढरं पॉलिथिन डोळ्यांना दिसतं. ती घेऊ नका. परगावी जायचं नसेल तर दुसरा मार्ग आहे, आणि मी तो नवख्यांना नेहमी सांगतो: डिश टीव्हीवाल्याकडे मिळणारी आरजी-६. ती ७५ ओहमची आहे म्हणून लोक नाक मुरडतात. पण ५० ओहमच्या अँटेनाला लावली तरी केबलवरचा एसडब्ल्यूआर दीडच्या पुढे जात नाही (सेटपाशी मीटरवर केबलच्या लांबीप्रमाणे सव्वादोनपर्यंत दिसू शकतो), एचएफवर घट आरजी-५८ पेक्षा कमी, १०० वॅट सहज पेलते आणि तालुक्याच्या गावी आज संध्याकाळी मिळते. तिची अडचण एकच. जाळी अ‍ॅल्युमिनियमची असते, तिला सोल्डर धरत नाही, म्हणून तिचाच एफ कनेक्टर दाबून बसवायचा आणि पुढे पीएल-२५९ चं अ‍ॅडॅप्टर लावायचं. २ मीटर बँडचा विचार कधी केलात तर केबलचा प्रश्न आणखी कडक होतो: १४५ मेगाहर्ट्झवर ३० मीटर आरजी-५८ नवीकोरी असली तरी ५-६ डीबी खाते, म्हणजे पाऊण शक्ती तिथेच जाते.

जोड बंद करण्यावर मात्र घाई करू नका. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४२-४३ अंश ऊन, त्यावर लगेच वळवाचा पाऊस. साधी काळी टेप त्या उन्हात चिकटपणा सोडते, कडा उचलतात आणि पहिल्याच सरीला पाणी आत. आधी सेल्फ फ्यूजिंग रबर टेप ताणून गुंडाळा. ती स्वतःत विरघळून एकजीव होते. तिच्यावर ऊन लागू नये म्हणून चांगली विनाइल टेप. गुंडाळायचं खालून वर, पत्रे जसे वळचणीकडून आढ्याकडे चढवत नेतो तसं, म्हणजे वरचा थर खालच्यावर येतो आणि पाणी कडेवरून घसरतं. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन तांब्याजवळ लावू नका, त्यातलं अ‍ॅसेटिक आम्ल तांबं खातं. जोडाच्या खाली आणि खिडकीतून आत यायच्या आधी केबलला एक झोळ द्या, पाणी झोळाच्या तळाशी टपकून जातं. बांधायला पांढरे टाय वापरू नका, उन्हाने तडकतात, काळे टिकतात.

नवी केबल लावल्यावर एक गोष्ट होईल, तिने घाबरू नका. एसडब्ल्यूआर वाढलेला दिसेल. कदाचित २.५, कदाचित ३. १४ मेगाहर्ट्झवर तर काटा टोकाला भिडेल. खराब केबलने झाकून ठेवलेली अँटेनाची खरी स्थिती आता पहिल्यांदा दिसतेय, एवढंच. मग डायपोल जुळवायला घ्या. लांबीचा हिशोब सोपा: १४३ ला मेगाहर्ट्झने भागा. ७.१ साठी २०.१४ मीटर, म्हणजे प्रत्येक बाजू १०.०७. पण आपण बहुतेक जण घरच्या वायरिंगची पीव्हीसी तार वापरतो, आणि आवरणामुळे ती विजेच्या दृष्टीने दोन-तीन टक्के लांब भासते. म्हणून बाजू पावणेदहा मीटरच्या आसपास येऊन थांबते. कापून मोकळे होऊ नका. टोकाची तार परत दुमडून स्वतःभोवती पिळून ठेवा, फ्रिक्वेन्सी कळली की मग कापा. सगळ्यात कमी एसडब्ल्यूआर ६.९ वर मिळत असेल तर तार लांब आहे, ७.३ वर असेल तर आखूड. दोन्ही बाजूंना सारखंच करा.

डायपोलचं एक टोक लिंबाच्या झाडाला बांधलंय असं तुम्ही लिहिलंय. झाड डोलतं, आणि आपल्या भागात वानरं तारेला झोके घेतात. पक्की गाठ मारली की तार ताणून लांब होते किंवा मध्यावर जोड निखळतो. फांदीला छोटी कप्पी लावा, दोरी तिच्यातून घ्या आणि खाली दगड भरलेला डबा टांगा. तारेवर ओढ आली की डबा वर जातो, ओढ सुटली की खाली येतो. माझा डायपोल असा चौदा वर्षं टिकला.

आता सेट बंद पडण्याचं. तुम्ही १२ व्होल्ट ३० अँपियरचा, सीसीटीव्ही आणि फलकांच्या दिव्यांना वापरतात तो एसएमपीएस (वीजपुरवठ्याचा डबा) घेतलाय आणि सेटपर्यंत १.५ स्क्वेअर एमएमची चार मीटर वायर. हिशोब करून बघा. जायची चार आणि यायची चार, आठ मीटर तांबं, त्याचा रेझिस्टन्स साधारण ०.०९ ओहम. ऐकताना सेट एक-दीड अँपियर घेतो, तेव्हा काहीच जाणवत नाही. जोरात बोललात की २० अँपियर. वायरीतच १.८ व्होल्ट पडले. १२ मधून ते गेले की सेटच्या तोंडाशी उरले १०.२. असे १०० वॅटचे सेट १३.८ व्होल्टला १५ टक्के इकडे-तिकडे सहन करतात, म्हणजे खालची मर्यादा ११.७. त्याखाली आधी आवाज फाटतो, मग सेट स्वतःला बंद करतो. ‘आवाज फाटतोय’ याचं निम्मं कारण इथे आहे, असा माझा कयास.

उपाय दोन. एसएमपीएसवर टर्मिनलांच्या शेजारी बारीक स्क्रूड्रायव्हरने फिरवायचा एक ट्रिमर असतो, त्याने मल्टिमीटर लावून १३.८ व्होल्ट करा. शेजारच्या टर्मिनलवर २३० व्होल्ट उघडे असतात. एक हात खिशात ठेवा आणि घरात कुणीतरी असताना करा. वायर ६ स्क्वेअर एमएमची, दीड मीटरहून लांब नको. मग २० अँपियरला पाव व्होल्टसुद्धा पडत नाही. त्यानंतर पाच मिनिटं बोलून झाल्यावर फ्यूज होल्डर आणि लग्ज बोटाने चाचपा. जिथे गरम लागेल तिथे जोड ढिला आहे.

तरीही आवाज फाटत असेल तर तो वीजपुरवठ्याचा दोष की केबलच्या बाहेरून फिरून माइकमध्ये शिरणाऱ्या आरएफचा, म्हणजे आपल्याच रेडिओ लहरींचा, हे वेगळं काढावं लागेल. त्यासाठी डमी लोड हवा. अँटेनाच्या जागी ५० ओहम लावायचे. १ किलोओहम, २ वॅटचे २० रेझिस्टर समांतर जोडले की झाले ५० ओहम, ४० वॅट. वायरवाउंड घेऊ नका, ते मुळात वेटोळं असतं. कार्बन किंवा मेटल ऑक्साइड घ्या. आमच्या छंदात यापेक्षा कामाचं उपकरण मला दुसरं माहीत नाही, आणि नवखे नेमकं हेच घेत नाहीत. सेटची शक्ती ४० वॅटवर आणून डमी लोडवर बोला, शेजारी दुसऱ्या रिसीव्हरवर हेडफोन लावून ऐका. डमी लोडवरही फाटत असेल तर पुरवठा किंवा माइक गेन. तिथे स्वच्छ आणि अँटेनावर फाटत असेल तर आरएफ परत येतोय. मग डायपोलच्या मध्याशी तो अडवणारा चोक लावा: ३१ मिक्स या प्रकारच्या २.४ इंची फेराइट रिंगवर आरजी-५८ चे दहा-बारा वेढे. पीव्हीसी पाइपवर केबलच गुंडाळणारेही आहेत, थोडंफार चालतं, पण फेराइटची सर नाही. हाच चोक खरखरीवरही गुणकारी आहे, कारण केबलच्या बाहेरच्या अंगावरून घरातली खरखर अँटेनापर्यंत चढत असते.

खरखरीचा शोध घ्यायला मराठवाड्यात एक सोय आहे जी शहरातल्याला नाही: लाइट जाते. पुढच्या वेळी गेली की लगेच सेट बॅटरीवर लावा आणि एस-मीटर बघा. इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी जवळपास प्रत्येक घरात असते. इन्व्हर्टर पूर्ण बंद करून तिच्यावरून थेट घ्या, बॅटरीच्या टर्मिनललगत फ्यूज टाकून. वाट पाहायची नसेल तर घराचा मेन एमसीबी पाडा. खरखर गेली तर चोर घरात आहे: एलईडी दिवे, मोबाइलचे चार्जर, राउटरचा अ‍ॅडॅप्टर, आणि तुमचा तो एसएमपीएसही. एमसीबी एकेक चालू करत जा, सापडेल. घर बंद करूनही राहिली तर बाहेर.

बाहेरच्यांना ओळखायला कान वापरा. तुम्ही दिवसा वाढते म्हणता. आजूबाजूला सौर पंप किती आहेत? पंपाचा कंट्रोलर पॅनेलच्या डीसीतून मोटरसाठी थ्री फेज तयार करतो, त्यासाठी आतले स्विच सेकंदाला हजारो वेळा उघडझाप करतात, आणि पॅनेलपासून मोटरपर्यंतच्या लांब वायरी त्या खरखरीच्या अँटेना होतात. ऊन चढेल तशी वाढते, ढग आला की सूर बदलतो, मावळतीला थांबते. असं असेल तर शेजाऱ्याशी बोला आणि कंट्रोलरजवळ वायरींवर फेराइट बसवून द्या, खर्च तुम्ही करा. थ्री फेज आली की सुरू आणि गेली की बंद असा जोड दिसला तर तारांवर किंवा डीपीवर कुठेतरी ठिणगी पडतेय: ढिला जंपर, तडकलेला इन्सुलेटर, नाहीतर आकडा. तिचा आवाज सलग घर्रर्र असा येतो, कारण ५० हर्ट्झच्या प्रत्येक आवर्तनात ठिणगी दोनदा पडते. मिडियम वेव्हचा ट्रान्झिस्टर घेऊन रस्त्याने चालत जा, तो आडवा फिरवला की एका दिशेला आवाज दबतो. आतली फेराइट कांडी त्या वेळी उगमाकडे रोखलेली असते. खांबाचा नंबर टिपा आणि वायरमनला सांगा. खांबाला हात लावू नका, ठोकून बघू नका, वर चढायचा विचारही नको.

तिसरा प्रकार गेल्या काही वर्षांत फार वाढलाय. सेकंदाला एक, टक, टक, टक, घड्याळासारखा. जिंतूरकडच्या एका मित्राच्या आखाड्यावर आम्ही दोन संध्याकाळी तो शोधत होतो. ते निघालं रानडुकरांसाठी लावलेलं झटका मशीन. मशीन स्वतः फारसा आवाज करत नाही. आम्ही ट्रान्झिस्टर हातात धरून कुंपणाच्या कडेने चाललो. बांधाच्या कोपऱ्यावर, जिथे गाजरगवत वाढून तारेला टेकलं होतं, तिथे टक-टक एकदम चढली. अंधार पडल्यावर नीट बघितलं तर प्रत्येक ठोक्याला पानाच्या कडेवर निळी बारीक ठिणगी उडत होती. मशीन बंद केलं, विळ्याने गवत काढलं, पुढे तुटलेला एक प्लास्टिकचा इन्सुलेटर बदलला. एस-मीटर ८ वरून ३ वर आला. शेतकऱ्याचंही भलं झालं, कारण त्याचा झटका तिथेच वाया जात होता.

रात्रीचा प्रश्न लवकर मिटतो, कारण तो बिघाड नाही. ४० मीटरवर दिवसा आपण शे-पाचशे किलोमीटरवर जे बोलतो ते आपली लाट जवळपास सरळ वर जाऊन, आयनांबरातल्या एफ थरावरून परतून खाली येते म्हणून. रात्र चढते तसा तो थर विरळ होतो आणि सरळ वर आलेले ७ मेगाहर्ट्झ त्याच्यातून निसटून जातात. तिरपे गेलेले तेवढे परततात, तेही हजार-दोन हजार किलोमीटरवर. म्हणून रात्री उशिरा पुणे आणि हैदराबाद गप्प होतात आणि परदेश बोलू लागतो. त्या वेळी जवळच्यांसाठी ८० मीटर बँड वापरा. आणि पाइप उंच करायच्या फंदात पडू नका. ९ मीटर उंची आपल्या राज्याच्या आणि शेजारच्या राज्यांच्या संपर्कासाठी अगदी योग्य आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी हादरल्यानंतर हॅम मंडळींनी निरोप पोचवण्याचं काम केलं. ते दिवस ज्यांनी बघितले आहेत त्यांना अशा बुटक्या डायपोलची आणि बॅटरीवर चालणाऱ्या सेटची किंमत सांगावी लागत नाही.

अर्थिंगबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण गच्चीवर पाइप आहे म्हणून लिहितो. तुमच्याकडे काळी जमीन. पावसाळ्यात ती उत्तम अर्थ देते, आणि उन्हाळ्यात फाटते. भेगा पडल्या की माती अर्थच्या सळईपासून सुटून मागे सरते. सळई दिसायला जमिनीत, प्रत्यक्षात हवेत. नेमकं एप्रिल ते जूनमध्ये, विजा पडतात तेव्हाच. सळईभोवती पाणी ओतत राहा, खड्डा सावलीला किंवा मोरीच्या पाण्याजवळ घ्या. पाइपची अर्थ, सेटची अर्थ आणि घराची अर्थ जाड तारेने एकमेकींना जोडा; वेगवेगळ्या ठेवल्या तर वीज जवळ पडल्यावर त्यांच्यात हजारो व्होल्टचा फरक उभा राहतो आणि तो सेटमधूनच वाट काढतो. एवढं करूनही आभाळ भरून आलं की केबल सेटवरून काढा आणि टोक खिडकीबाहेर टाका. ढग डोक्यावर आल्यावर नाही, गडगडायला लागायच्या आधीच. गडगडाट ऐकू यायला लागला असेल तर केबलला हात लावू नका, सेट जाऊ द्या.

अ‍ॅम्प्लिफायरचे पैसे हातात असतील तर त्यातल्या थोड्या पैशांत हैदराबादच्या अशर फरहान यांनी रचलेल्या बिटएक्ससारखा छोटा सेट स्वतः जुळवा. आयआरएफ५१० चा एकच मॉस्फेट ट्रान्झिस्टर, जेमतेम सात वॅट. त्याचा टॅब आतून ड्रेनला जोडलेला असतो, म्हणून हीटसिंकला लावताना मधे अभ्रकाची चकती विसरू नका. असल्या सेटवरून परभणी ते हैदराबाद मी कितीतरी सकाळी स्वच्छ बोललो आहे. सात वॅट पुरतात, कारण केबल कोरडी आहे. तुमच्या भिजलेल्या केबलमध्ये ४०० वॅट ओतले तर ३५० तिलाच तापवतील.

तेव्हा या रविवारी फक्त दोन कामं करा. केबल वरून सोडवून ७.१ वरचा आकडा टिपा. आणि बोलताना सेटच्या पॉवर सॉकेटपाशी, एसएमपीएसपाशी नाही, मल्टिमीटर लावून व्होल्ट किती खाली येतात ते बघा. दोन्ही आकडे आणि केबल कापल्यावर दिसलेला जाळीचा रंग कळवा. चोकचे वेढे किती आणि कुठे, ते आपण त्यानंतर ठरवू. माझ्याकडे ३१ मिक्सच्या दोन रिंगा पडून आहेत, त्यातली एक तुमच्यासाठी बाजूला काढून ठेवली आहे.